वॉर्डाची खुर्ची

मराठी भाषेने नगरपालिकेच्या सभासदाचे फार कोडकौतुक केले आहे. पूर्वीची वर्तमानपत्रे त्याला ‘नगरपिता’ म्हणत. आज आपण त्याला ‘नगरसेवक’ म्हणतो. एकाच गृहस्थाला भाषेने आधी बाप केले आणि मग सेवक. पुष्कळ घरांतील वडिलांचा प्रवासही याच क्रमाने होतो, ती गोष्ट निराळी! परंतु कायद्याचे पुस्तक उघडले, की तिथे बापही नाही आणि सेवकही नाही. तिथे असतो तो नुसता ‘सदस्य’. आणि कायद्याला त्याच्याविषयी दोन गोष्टींची विशेष काळजी दिसते. एक, हा आत कसा आला. आणि दुसरी, याला बाहेर कसा काढावा.

मराठी शिकवणाऱ्या बाईने कायद्याच्या पुस्तकात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. कारण अगदी साधे आहे. २०२६ च्या जानेवारीत राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. त्या धामधुमीत ‘अपात्र’, ‘अनर्ह’, ‘पदच्युत’, ‘प्रशासक’ असे जडजड शब्द घरोघरी येऊन पडू लागले, आणि स्टाफरूममधले सहकारी काय किंवा शेजारच्या वहिनी काय, सगळे त्यांचे अर्थ मला विचारू लागले. शब्दांचे अर्थ सांगणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पण हे शब्द असे निघाले, की कोशात त्यांचे अर्थ पुरते सापडेनात. ते शोधायला कायद्याच्या आणि निकालांच्या कागदांतच शिरावे लागले.

आता पहिला शब्द घेऊ : अपात्र. ‘पात्र’ म्हणजे मुळात भांडे. ज्यात ठेवलेले सांडत नाही, ते पात्र. लोकांचा विश्वास ज्यात ओतायचा, ते भांडे चिरलेले नाही ना, हे कायदा वाजवून पाहतो. त्यासाठी आपल्याकडे एक नव्हे, अनेक कायदे आहेत. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. इतर महापालिकांना १९४९ चा, नगरपरिषदांना १९६५ चा आणि ग्रामपंचायतींना १९५८ चा. घरे निराळी, पण उंबरठे बहुतेक सारखे. वयाची अट तशी सोपी : २१ वर्षे पूर्ण हवीत. आमदार व्हायला २५ लागतात. म्हणजे गटाराचा प्रश्न चार वर्षे आधी सोडवता येतो!

पण उंबरठ्यावरच्या बाकीच्या अटी इतक्या सोप्या नाहीत. १२ सप्टेंबर २००१ ही तारीख पुष्कळ इच्छुकांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा अधिक पाठ असते. त्या तारखेनंतर तिसरे मूल झाले, तर उमेदवारी संपली. कायद्याने याबाबतीत घरगुती तपशिलाचाही विचार केला आहे. पहिल्या अपत्यानंतर दुसऱ्या खेपेस जुळी झाली, तर ती एकच धरायची. दत्तक घेतलेले मूल मोजायचे नाही. हरियाणातील अशाच नियमाला सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली उचलून धरले. मौज अशी, की हे मोजमाप सरपंचाच्या आणि नगरसेवकाच्या घरी चालते. ज्या विधानसभेने ही अट घातली, तिच्या सदस्यांच्या पाळण्यापर्यंत ते जात नाही. आमच्याकडे सासूने सुनेसाठी केलेले नियम सासूला लागू नसत, तसाच हा प्रकार.

दुसरी अट जातपडताळणीची. राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याने ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र आणून द्यायचे. न दिल्यास त्याची निवड मुळापासूनच रद्द समजायची. ही मुदत सहा महिन्यांची होती, आणि ती सक्तीचीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. त्यानंतर राज्याने सहा महिन्यांचे बारा महिने केले. अटीचा हेतू चांगलाच आहे. दुसऱ्याच्या ताटातले कोणी खोटे नाव सांगून उचलू नये, यात गैर ते काय? परंतु प्रमाणपत्र देणारी समिती सरकारची. तिच्या टेबलावर कागद पडून राहिला, तर खुर्ची जाते सदस्याची. आणि त्याच्या प्रभागाने मागितलेला जलवाहिनीचा ठराव बारगळतो, तो वेगळाच.

तिसरी अट हितसंबंधांची. ज्या संस्थेचे आपण सदस्य, तिच्याच कामाचा ठेका आपण घ्यायचा नाही. उघडही नाही आणि आडूनही नाही. ‘आडून’ म्हणजे कुठपर्यंत आडून, याचा एक मासला गोव्याचा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. तिथे एक बाई पंचायतीवर निवडून आल्या, आणि त्यांचे यजमान त्याच पंचायतीची कामे करीत होते. कामे यजमानांची, माझा त्यांच्याशी संबंध काय, असा बाईंचा पक्ष. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले, की ज्या घरात कमाई एकाच पेटीत पडते, त्या घरात यजमानांच्या ठेक्यात बाईंचाही वाटा येतोच, बाई अपात्र. आपल्या मध्यमवर्गीय घरांत कायद्याने पेट्या वेगळ्या असतील, पण किल्ल्या एकाच खुंटीला टांगलेल्या असतात, हे मी वाचकांना सांगायला नको. तेव्हा ठेका यजमानांचा आणि निवडणूक सौभाग्यवतींची असा संसार कुठे दिसला, तर मतदाराने चार प्रश्न अधिक विचारायला हरकत नाही.

इथपर्यंत कायदा आपल्याला शहाण्या वडीलधाऱ्यासारखा वाटतो. पण चौथी अट आली, की या शहाणपणाची दुसरी बाजू दिसू लागते. ग्रामपंचायतीच्या कायद्यात असे आहे, की ज्याने सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केले, त्याला सदस्य राहता येणार नाही. आता अतिक्रमण सासऱ्याने केले असेल तर सुनेचे काय? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, ज्याने केले तोच दोषी. २०१८ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ बदलला. अतिक्रमण घरच्यांनी केलेले असले, तरी त्या जागेत राहून जो तिचा लाभ घेतो, तोही सुटत नाही, असा नवा अर्थ त्यांनी लावला. हे पटण्यासारखे आहे. बळकावलेल्या जागेत राहून गावाला अतिक्रमणे काढायला सांगणार कोणत्या तोंडाने?

पण हेच कलम पुढे जळगाव जिल्ह्यातल्या एका सरपंचबाईंपुढे येऊन उभे राहिले. त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी गावातल्या काही मंडळींची तक्रार. बाईंचे म्हणणे, की मी नवरा आणि मुलांसह वेगळी, भाड्याच्या जागेत राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, आयुक्तांनी ते कायम केले आणि उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले. एक बाई आपल्यावर सरपंच म्हणून निर्णय घेणार, हेच गावकऱ्यांना पचलेले दिसत नाही, अशा अर्थाचे खडे बोल न्यायालयाने त्या वेळी सुनावले. शासकीय यंत्रणेनेही अशा बाबतीत बायकांना दूर करण्यात इतका सहजपणा दाखवू नये, असेही बजावले.

या दोन निकालांतील कलम एकच आहे. एका हाताने ते अतिक्रमण करणाऱ्याला बाहेर ठेवते. दुसऱ्या हातात पडले, की नको असलेल्या माणसाला बाहेर काढते. सुरी भाजी चिरते की बोट कापते, हे सुरीच्या पात्यावर लिहिलेले नसते. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना दिल्या. दारातून आत घेतलेल्या या बायकांना खिडकीतून बाहेर काढण्याची सोय कायद्यातल्याच एखाद्या ओळीत कोणी शोधत नाही ना, यावर लक्ष ठेवायला नको का?

दुसरा शब्द : पदच्युत. सदस्य आत आला, काम करू लागला आणि मग त्याचे वर्तन कोणाला खटकले, तर? नगरपरिषदांच्या कायद्यात राज्य शासनाला अध्यक्षाला किंवा सदस्याला दूर करण्याचा अधिकार आहे. कशासाठी? तर गैरवर्तन, कर्तव्यात हयगय, लाजिरवाणी वागणूक अशा कारणांसाठी. व्याकरणाच्या बाईला इथे थांबावेच लागते. ‘बांधकाम केले’ हे मोजता येते, ‘पैसे घेतले’ हे सिद्ध करता येते. पण ‘गैर’ आणि ‘लाजिरवाणे’ हे शब्द वाचणाऱ्याच्या मनाप्रमाणे मापे बदलतात. आमच्या आजीच्या मते मुलीने मोठ्याने हसणेही लाजिरवाणे होते!

आमदाराच्या बाबतीत घटनेने काय केले आहे, ते पाहा. लाभाचे पद घेतल्यासारख्या कारणांनी तो अपात्र झाला का, हा प्रश्न राज्यपालांकडे जातो. पण राज्यपालांना निवडणूक आयोगाचे मत घ्यावे लागते आणि त्या मताप्रमाणेच वागावे लागते. नगरपरिषदेच्या सदस्याचा निवाडा मात्र शासनाकडे, म्हणजे पुष्कळदा एखाद्या मंत्र्याच्या टेबलावर. मंत्री एका पक्षाचा आणि नगराध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा असला, की न्यायाधीशाच्या खुर्चीवर प्रतिपक्षच येऊन बसल्यासारखे होते.

रायगड जिल्ह्यातील उरणच्या नगराध्यक्षांना शासनाने असेच पदावरून दूर केले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१२ च्या मार्चमध्ये तो आदेश रद्द झाला. न्यायालयाने त्या वेळी एक गोष्ट फार स्पष्ट केली. सरकारी नोकराला नोकरीवरून काढणे वेगळे, आणि लोकांनी निवडलेल्या माणसाला काढणे वेगळे. लोकांनी निवडलेल्या माणसाला काढले, की केवळ त्याचा अधिकार जात नाही. ज्यांनी त्याला निवडले, त्यांचाही जातो. म्हणून त्याला म्हणणे मांडू द्यायला हवे, आदेशात कारणे यायला हवीत, आणि किरकोळ चुकीला जबर शिक्षा होता कामा नये. पुढे २०२४ साली उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आणि नळदुर्ग येथील लोकप्रतिनिधींना मंत्र्यांनी सहा वर्षांसाठी अपात्र ठरवल्याची प्रकरणे न्यायालयापुढे आली, तेव्हाही ते आदेश अन्यायाचे ठरून रद्द झाले.

न्याय मिळाला हे खरेच. पण पाच वर्षांची मुदत आणि न्यायालयाच्या पायऱ्या यांची शर्यत लावली, तर बहुधा कोण जिंकते, हे सांगायला वकील लागत नाही. माणसाला त्याचे नाव परत मिळते. प्रभागाला गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

आणि म्हणूनच माझ्या मते या साऱ्या कायद्याचा खरा प्रश्न ‘हा माणूस खुर्चीत बसावा की न बसावा’ एवढाच नाही. ‘खुर्ची कोणाची’ हा त्याहून आधीचा प्रश्न आहे. ती सदस्याची नाही. त्याच्या पक्षाची नाही. मंत्र्याची तर मुळीच नाही. ती वॉर्डाची आहे. तिच्यावर कोणी लबाड बसला, तरी वॉर्डाचे नुकसान. आणि तिच्यावर कोणीच बसले नाही, तरी वॉर्डाचेच नुकसान. पहिल्या नुकसानीसाठी कायद्याने कलमांची माळ ओवली आहे. दुसऱ्या नुकसानीचे काय झाले, ते आता पाहू. कारण तिसरा शब्द आला आहे : प्रशासक.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने नगरपालिकांना पाच वर्षांचे आयुष्य दिले, आणि ती मुदत संपण्याआधीच नवी निवडणूक झाली पाहिजे, असे सांगितले. पालिका मध्येच बरखास्त झाली, तरी सहा महिन्यांत निवडणूक हवी. अहमदाबादच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या मुदतीचे पावित्र्य पुन्हा उच्चारले. इतके स्वच्छ वाक्य घटनेत थोडीच असतील. त्याला ना विशेषण, ना पोटवाक्य.

आणि तरीही काय झाले? नवी मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या महापालिकांची मुदत २०२० सालीच संपली. मुंबईची ७ मार्च २०२२ रोजी संपली, पाठोपाठ पुण्याची. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे मुंबईत जवळजवळ पावणेचार वर्षांहून अधिक, आणि नवी मुंबईत पाच वर्षांहून अधिक काळ, सभागृह नव्हते. एका पिढीतल्या मुलांनी अख्खे कॉलेज पूर्ण केले आणि त्यांना नगरसेवक हा प्राणी दिसला नाही!

कारणे खोटी नव्हती. आधी साथीचा काळ होता. मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न आला. २०१० साली घटनापीठाने सांगितले होते, की स्थानिक संस्थांत हे आरक्षण द्यायचे तर आधी नीट पाहणी करून आकडे गोळा करा. ते झाले नव्हते, म्हणून मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रापुढे तीच अट पुन्हा ठेवली. मग आयोग आला, आकडे आले, जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने ते स्वीकारले. तोवर प्रभागांचे गणित सुरू झाले. मुंबईच्या जागा २२७ च्या २३६ झाल्या, सरकार बदलले, २३६ च्या पुन्हा २२७ झाल्या, आणि हा वाद परत न्यायालयात. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले, आणि पुढे त्यालाही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खुर्ची मिळाली नाही, त्यांनी ती मागावी, यासाठी मी कधी कोणाला बोल लावणार नाही. मला बोचते ते वेगळेच. एका सदस्याच्या घरी २००१ नंतर पाळणा किती वेळा हलला, हे ज्या व्यवस्थेने तारखेनिशी मोजले, त्याच व्यवस्थेला सगळ्याच खुर्च्या रिकाम्या पडल्याची तारीख मोजता आली नाही. दिवाणखान्यातल्या समईची वात रोज नेमाने कापावी आणि तेल आणायचे विसरून जावे, असे हे झाले.

कोणी म्हणेल, प्रशासकाने काय वाईट केले? दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता. असेलही. अधिकारी कर्तबगार असू शकतो. पण त्या काळात अंदाजपत्रक मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. स्थायी समिती तो, सर्वसाधारण सभाही तो. तिथे प्रश्न विचारायला समोर दुसरा माणूसच नसतो.

एका माणसाच्या प्रश्नाने काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार, म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्चण्याचा बेत निघाला. पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे म्हणून जोतीरावांनी एकट्याने त्याला विरोध केला. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण त्या सभेत एक जण ‘नाही’ म्हणाला, हे शहराच्या दप्तरात राहिले आणि आजही आपण ते सांगतो. खुर्चीचा उपयोग हाच. तिच्यावर बसलेला दरवेळी जिंकतो असे नाही. पण तो असतो, तेव्हा निदान विचारले जाते.

तेव्हा गृहिणींनो आणि गृहस्थहो, फराळाची धांदल उरकली, की दोन लहान कामे करावीत, अशी विनंती आहे. पहिले म्हणजे आपल्या प्रभागातून निवडून आलेल्यांची शपथपत्रे एकदा डोळ्यांखालून घालावीत. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे हे सारे त्यांना उमेदवारीच्या वेळी लिहून द्यावे लागते. निवडणुकीला आव्हान देण्याची मुदत कायद्याने अवघी दहा दिवसांची ठेवली आहे. ती यंदापुरती कधीच उलटली. पण पुढच्या वेळी मतदानाआधीच वाचण्याची सवय तरी लागेल.

दुसरे काम त्याहून सोपे. घटनेने दिलेली पाच वर्षे निकालाच्या दिवसापासून मोजली जात नाहीत. ती नव्या सभागृहाच्या पहिल्या सभेसाठी ठरवलेल्या तारखेपासून मोजली जातात. ती तारीख आपल्या पालिकेच्या कचेरीतून विचारून आणावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या आणि इस्त्रीच्या हिशेबाशेजारी, ठळक लिहून ठेवावी. दरवर्षी कॅलेंडर बदलताना ती नव्यावर उतरवावी. २०३१ साल उजाडले, की आपल्याला कोणी सांगण्याची वाट न पाहता, निवडणूक केव्हा म्हणून आपणच विचारायला लागावे. दूधवाल्याचा एक दिवसाचा खाडा आपल्या नजरेतून सुटत नाही. मग पावणेचार वर्षांचा खाडा पुन्हा कसा सुटेल?